मायने घेतलेलं नाव

मुक्काम आलापल्ली,
संक्रांतीनंतरचा बुधवार, सन १९५८

तीर्थरूप सुगंधामावशीच्या पायांवर खुशालचं डोकं. (डोकं ठिकाणावर आहे. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी नुकतंच ते तपासून पाहिलं. एका प्रश्नात मी नापास झालो, पण तो कोणता ते पुढे येईल.) इकडे आम्ही हातीपायी धड आहोत. आरा मशीन धडधडत आहे. घरचीने तिळाचे लाडू केले ते दगडासारखे झाले आणि तरी संपले. तिकडे तुझे गुडघे काय म्हणतात? जिवतीच्या पहाडावरून वारा सुटला म्हणून ते दुखतात, की ते दुखले म्हणून वारा सुटतो, हे तू एकदा मला सांगणार होतीस, ते राहूनच गेलं. तुरी झोडून झाल्या असतील. बकरी व्याली असेल. देवकावहिनींना विशेष नमस्कार, कारण तुला अक्षर येत नाही आणि हे पत्र तुझ्या सुनेनेच वाचायचं आहे. वहिनी, हळूहळू वाचा. मावशी मध्येच उठून आत गेली तर थांबू नका, ती दाराआडून ऐकते. आमच्या घराण्यात कान सगळ्यांचेच लांब. आणि कंसात जिथे 'वहिनींसाठी' म्हणून लिहिलं असेल ते मोठ्याने वाचू नका.

पहिली गोष्ट, मावशी, हे पत्र तुला बोलावण्यासाठी नाही. तू शपथ घेतली आहेस आणि मी तुझ्या शपथेचा मान राखतो. (वहिनींसाठी: तुम्ही या घरात नंतर आलात म्हणून थोडक्यात सांगतो. माझी बहीण गोकुळा हिच्या लग्नात वांग्याच्या भाजीचे मोठे गंज चुलाणावर चढले होते आणि दोन्ही बाजूंना दोघी बहिणी, माझी माय गुणाबाई आणि तुमच्या सासूबाई, सेनापतीसारख्या उभ्या होत्या. मायला वाटलं मीठ सुगंधीने टाकलं, मावशीला वाटलं गुणीने टाकलं. वऱ्हाड बसलं, पहिला घास घेतला, आणि पंगतीत अशी शांतता पसरली की मांडवाबाहेर बैल रवंथ करत होते ते मला ऐकू आलं. मग नवरदेवाचा मामा म्हणाला, "भाजी पथ्याची आहे काय जी?" झालं. मावशी डोक्यावर गठुडं घेऊन मांडवाच्या दारात उभी राहिली. "मीठ थे विसरली असं गुनी कबूल करत नाई, तोवर मी या दारात पाय ठेवनार नाई!" माय आतून ओरडली, "गुनाबाई काई विसरत नसते! मरन आलं तरी विसरनार नाई!" तेव्हापासून दोघींचं बोलणं नाही.) तर मावशी, त्या गोष्टीत मी पडत नाही. मी तुला फक्त इकडची हकीकत कळवतो आहे, कारण हकीकत अशी आहे की ती कुणाला सांगितल्याशिवाय मला लाकूडही नीट चिरता येईना.

तुला ठाऊक आहे, मी आलापल्लीत आलो तेव्हा आऱ्याच्या खालच्या टोकाला, खड्ड्यात उभा राहून डोळ्यांत भुसा घेत असे. आता आरा माझा आहे आणि तो यंत्राने चालतो, म्हणून भुसा कुणाच्याच डोळ्यांत जात नाही, नुसता नाकात जातो. मी वर आलो तो बुद्धीने नाही, कानांनी. फॉरेस्टच्या डेपोत सागाचा लिलाव असला की दुसरे कंत्राटदार ओंडक्याची लांबी पाहतात, जाडी पाहतात, साहेबाचा चेहरा पाहतात. मी कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने एक ठोका देतो आणि ऐकतो. भरीव असेल तर आवाज येऊन थांबतो. आत पोकळ असेल तर आवाज आत जाऊन थोडा फिरून येतो. (हे कुणाला सांगू नको. डेपोत मी ओंडक्याचा वास घेण्याचं सोंग करतो, त्यामुळे बाकीचे बिचारे वास घेत हिंडतात.)

तोच फिरून येणारा आवाज मला मागच्या पावसाळ्यात मायच्या बोलण्यात ऐकू आला. ती मला हाक मारायची ती पूर्वी एका दमात, "खुशाल!" आता हाकेआधी एक जागा पडायला लागली. एवढीशीच. दुसऱ्या कुणाला कळली नसती. ओठ उघडायचे, आवाज आत जायचा, कुठेतरी फिरायचा आणि मग माझं नाव घेऊन यायचा. मी घरचीला म्हटलं नाही, गोकुळाला कळवलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचो, वय झालं. विकलेल्या वासराला ती रोज कोंडा ठेवू लागली तेव्हाही मी म्हटलं, वय झालं. वासरू नाही तर नाही, कोंडा शेजारच्याची गाय खायची आणि दुवा देत असेल.

अशात डॉक्टर पिंपळापुरे आले. विलायतेत शिकून नागपूरला परतलेले. म्हातारपणी काही माणसांची स्मृती का जाते, काहींची का राहते, जात असेल तर कुठून कशी जाते, एवढ्याच एका गोष्टीचा ते आयुष्यभर शोध घेत आहेत. माणसाने एवढ्या मोठ्या जगातून एवढीशी गोष्ट निवडावी आणि तिच्यासाठी आलापल्लीपर्यंत धूळ खात यावं, याचंच मला पहिलं आश्चर्य वाटलं. त्यांच्या कुणा गोऱ्या गुरूने त्यांना सांगितलं होतं की जंगलात राहणाऱ्या म्हाताऱ्यांना हा रोग होत नाही. खरं-खोटं पाहायचं आणि ज्या घरी असा रोगी असेल त्या घरच्यांना कसं वागायचं ते शिकवायचं, अशी दोन कामं घेऊन ते फॉरेस्टच्या बंगल्यावर उतरले. त्यांच्या पिशवीत रबराची एक छोटी हातोडी होती. तिने ते गुडघ्यावर ठोकत आणि मान तिरपी करून बघत. मला ते एकदम घरचेच वाटले. ठोकून पाहणाऱ्या माणसावर माझा भरवसा बसतो.

म्हातारी माणसं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण छप्पर माझं होतं आणि चहाही माझा. शुक्रवारी आरा बंद ठेवून सगळ्यांना भुशावर पोती अंथरून बसवलं. मायला मी सगळ्यांच्या मागे बसवलं. तिचा नंबर शेवटी यावा, आणि शक्य झालं तर येऊच नये, असं मला वाटत होतं.

डॉक्टरांनी आधी गाडीवान लटारूला घेतलं. आता राज्य कोणाचं आहे, असा प्रश्न होता. लटारू म्हणाला, "पयले राजेसाहेबाचं होतं. मंग नागपूरचं झालं. आता मुंबईचं झालं म्हनतेत. जंगल मात्र रेंजरचंच आहे जी." डॉक्टर हसले आणि त्याला पूर्ण मार्क दिले. मग मला बोलावलं, म्हणाले, तुमच्यासारख्या धडधाकट माणसावर प्रश्न आधी करून पाहू. वार सांगितला, गाव सांगितलं, उलटी गिनती केली. मग म्हणाले, "पत्नीचं नाव?" आता घरची समोरच चहाचे कप घेऊन उभी! मी छपराकडे पाहिलं. छपराला काही नाव लिहिलेलं नव्हतं. डॉक्टरांनी माझ्याकडे जरा दयेने पाहून कागदावर फुली मारली. तोच तो प्रश्न.

खरा गोंधळ बायांचा नंबर लागल्यावर झाला. पहिली सुकरी. डॉक्टर अदबीने म्हणाले, "बाई, तुमच्या मालकांचं नाव काय?" सुकरीने पदर तोंडाशी नेला. "आवं माय! आता काय सांगू जी. पोळा होते, मंग गनपती होते, मंग थे नाई का येत, सोनं वाटतेत, थे."

डॉक्टर म्हणाले, "मी नाव विचारतोय बाई, सण नाही."

"थेच त सांगून राह्यली!"

(दसरू. सगळ्या गावाला माहीत आहे. दसरू स्वतः मागे बसून बिडी ओढत होता.) डॉक्टरांनी मदतीला बसलेल्या नर्सबाईंना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मला इंग्रजी येत नाही, पण हळहळ कोणत्याही भाषेत ऐकू येते. मग मनकर्णा आली. तिला त्यांनी नावाचा प्रश्न सोडून दुसरा घातला, आज वार कोणता? आता मनकर्णाचा सासरा शुक्रवारी जन्मला म्हणून त्याचं नाव सुकलू. सासऱ्याच्या नावाचा वार ती कसा उच्चारेल? ती म्हणाली, "काल गुरुवार होऊन गेला, शनवार यायचा आहे."

"मग आज?"

"मधातला."

डॉक्टरांनी घाम पुसला. पुढे तर बाया एकमेकींना मदत करू लागल्या, कारण शेजारणीच्या नवऱ्याचं नाव घ्यायला कुणाला मनाई नाही. हिला विचारलं की ती सांगे, तिला विचारलं की ही सांगे. नर्सबाईंनी त्यांना शाळेतल्या मुलींसारखं दटावून लांब लांब बसवलं. मग एकीनेही तोंड उघडलं नाही. डॉक्टरांचा चेहरा उतरत चालला. गोऱ्या गुरूचं म्हणणं तर पार उलटं ठरत होतं. जंगलात रोग नाही कसा, आलापल्लीच्या झाडून साऱ्या म्हाताऱ्या बाया स्मृती हरवून बसल्या होत्या! तू विचारशील, मी का नाही सांगितलं? मावशी, खरंच सांगतो, सांगायला हवं असं आमच्यापैकी कुणाला वाटलंच नाही. पाणी ओलं असतं हे पाहुण्याला कोण सांगत बसतं?

आणि मग माय. मी म्हणणार होतो की ती थकली आहे, राहू द्या. पण ती आपणहून उठून पुढे आली. धुतलेलं लुगडं, ताठ पाठ. आता तुला माझ्या बापाचं नाव सांगायला नको. आमच्या गल्लीत केस कापणारा एक माणूस त्याच नावाचा आहे. मायने त्याला कधी नावाने बोलावलं नाही. "अवो, आमच्या घरच्यायच्या नावाचे भाऊ!" अशी तिची हाक असे, आणि ती पुरी होईतो तो गल्लीच्या टोकाला पोचलेला असे. तो बिचारा धापा टाकत परत येई. बाप वारला तेव्हाही ती नाव न घेता रडली. गावातली म्हातारी माणसं आजही म्हणतात की तसं रडणं पुन्हा ऐकलं नाही.

डॉक्टरांनी दमलेल्या आवाजात विचारलं, "बाई, मालकांचं नाव?"

"मुखरू," माय म्हणाली.

स्वच्छ. आधी जागा नाही, फिरणं नाही, भरीव लाकडासारखा आवाज. "मुखरू. जाळं घेऊन तळ्यावर गेला. काऊन जी, काई काम होतं त्याच्यापाशी?"

डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "शाबास बाई!" ते म्हणाले. त्यांना अख्ख्या गावात एक तरी शाबूत बाई सापडली होती. आणि कोपऱ्यात बसलेला मुखरूभाऊ सवयीने उठून म्हणाला, "जी, बाई?" मग त्याच्या ध्यानात आलं की बाईंनी आज त्याला नावाने हाक मारली. तो उभा होता तसाच उभा राहिला, आणि हळूच खाली बसला. लटारूने टोपी काढली. चहा देणाऱ्या घरचीने कप खाली ठेवले. त्या शांततेत मला पुन्हा गोकुळाच्या लग्नातली पंगत आठवली, पण या खेपेला बैलही गप्प होते.

डॉक्टर एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. "काय झालं? बाईंनी तर बरोबर सांगितलं!"

सुकरी उठली. मायच्या जवळ जाऊन भुशात बसली आणि तिचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "साहेब, आमी साऱ्या जागेवर आहोत जी. थेच गेली."

मावशी, शिकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. आपली चूक कळली की ती चष्मा पुसतात. या माणसाने लेखणी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्या आईनेही वडिलांचं नाव कधी घेतलं नाही. मी विसरलोच होतो." आणि मग त्याने दुपारभर बसून सगळ्या बायांना पुन्हा पहिल्यापासून तपासलं, वेगळ्या प्रश्नांनी. चुलीवर आधी काय ठेवता, नातवंडं कोणाची कोण, सकाळी काय खाल्लं. सुकरी, मनकर्णा, सगळ्या खणखणीत निघाल्या. (सुकरीने तर डॉक्टरांनाच विचारलं, त्यांनी सकाळी काय खाल्लं. त्यांना आठवेना.) मायला त्यांनी काहीच विचारलं नाही. नुसते तिच्याजवळ बसून तिचं ऐकत राहिले.

संध्याकाळी ते डेपोत फिरायला आले. मी त्यांना माझी विद्या सांगितली, म्हटलं, साहेब, मला हे पावसाळ्यातच ऐकू आलं होतं, माय आतून पोकळ होत चालली. त्यांनी मान हलवली. चिरायला ठेवलेल्या सागाच्या ओंडक्यावर हात ठेवला, कापलेल्या तोंडावर, जिथे वर्षावर्षाची वर्तुळं दिसतात. "खुशालराव, लाकडाचं तसं होत असेल. माणसाचं उलटं आहे," ते म्हणाले. "इथं बाहेरचं वर्तुळ आधी जातं. कालचं, परवाचं. मग त्याच्या आतलं. जे सर्वात जुनं, सर्वात आत, ते सर्वात शेवटपर्यंत राहतं. तुमच्या आई पोकळ होत नाहीयेत. त्या आत चालल्या आहेत, गाभ्याकडे."

मी जन्मभर त्या वर्तुळांवर कुऱ्हाड मारत आलो, मावशी, आणि ती मला या माणसाने दाखवली. मी विचारलं, मग मी कुठे? ते म्हणाले, तुम्ही बरेच बाहेर. गोकुळाबाई त्याहून बाहेर. लग्नही बाहेरच, मुखरू त्यांना अजून गावातला पोरगा आहे, म्हणून तर नाव तोंडात आलं. मी विचारलं, औषध? ते म्हणाले, नाही. ते सांगताना त्यांनी नजर चुकवली नाही. म्हणाले, "आज नाही. पुढे निघेल, म्हणून तर हिंडतो. तोवर जवळच्या माणसांना शिकवणं हेच औषध."

तर आमची शाळा भरली. दवाखान्यातल्या नर्सबाई, मी, घरची, सुकरी, लटारू, मुखरूभाऊ, आणि नुसतेच बघायला आलेले. डॉक्टर स्वतः रोगी व्हायचे. एक दिवस डोक्यावर घोंगडी घेऊन बसले आणि म्हणू लागले, "मला घरी जायचंय. मला घरी सोडा." नर्सबाई म्हणाल्या, "बाबा, हेच तुमचं घर आहे." तर डॉक्टर असे रडवेले झाले, असे झाले, की घरचीने घाबरून त्यांच्या हातात तिळाचा लाडू दिला. (तो फोडण्यात त्यांचं दुःख थोडं कमी झालं.) तेवढ्यात लटारू उठला. "चला बाबाजी, गाडी जुंपतो," म्हणाला, आणि खरंच बैल जुंपून आला! विलायत पास झालेले डॉक्टर घोंगडीसकट गाडीत बसले, लटारूने त्यांना डेपोला एक चक्कर मारून आणलं आणि छपरासमोर उतरवून म्हणाला, "आलं बाप्पा तुमचं घर." डॉक्टर उतरून म्हणाले, "आलो बरं." आणि मग घोंगडी काढून कितीतरी वेळ हसत राहिले. हसता हसता त्यांनी सांगितलं तेच सारं शिक्षण. वाद घालू नका. खरं काय ते पटवायला जाऊ नका. परीक्षा घेऊ नका, 'ओळख बरं मी कोण' असं कधी म्हणू नका. ती ज्या दिवसात असेल त्या दिवसात तुम्ही जा, कारण तिला तुमच्या दिवसात येता येत नाही.

म्हणून आता आमच्या घरी रोज वेगळं साल असतं. मुखरूभाऊ सकाळी दाढ्या आटोपून अंगणात येतो. माय विचारते, "मुखरू, जाळं शिवलं काय?" तो म्हणतो, "शिवून राह्यलो जी." नुसतं म्हणून भागेना, कारण तिचे हात सगळं ओळखतात, म्हणून त्याने खरंच जाळं आणलं. आता तो कात्रीपेक्षा जाळं बरं चालवतो, असं ज्यांचे केस त्याने कापले ते म्हणतात. लटारूची गाडी बाहेर उभी असते. माय कुठल्या तळ्याच्या कुठल्या काठाला कोणता मासा कधी येतो ते सांगते, आणि मध्येच तुम्हा दोघींच्या मायच्या आवाजात हाक मारते. माझी आजी मी कधी पाहिली नाही. ती मी जन्मायच्या आधीच गेली. आता रोज कानांनी ऐकतो. मायच्या तोंडून दुसऱ्याच बाईचा आवाज येतो, जाड, थोडा भांडखोर, पाण्यापलीकडे पोचणारा. मी समजत होतो की माय कमी कमी होत चालली. ती तर लहानपणचा सगळा गाव, सगळं तळं घेऊन बसली आहे, आणि आम्हालाच आत जायला वाट नाही.

मला ती आता "तुमी" म्हणते. खड्ड्यातून वर आलो तेव्हा माझी फार इच्छा होती की लोकांनी मला खुशालराव म्हणावं, साहेब म्हणावं, बसा म्हणावं. रेंजर म्हणतो, पोस्टमास्तर म्हणतो. आता मायही म्हणते. "बसा जी, चहा घ्या, घरी लेकरंबाळं बरी आहेत काय?" मी म्हणतो, बरी आहेत. "माय आहे काय तुमाले?" मी म्हणतो, आहे. "मंग तिले भेटत जाजा," म्हणते. मी म्हणतो, रोज भेटतो. (हे लिहिताना घरची डोकावून पाहत होती, म्हणून थोडं थांबलो होतो. आता ठीक आहे.)

असो. हकीकत एवढीच. डॉक्टर पुढे अहेरीला गेले, तिथल्या म्हाताऱ्यांना तपासायला. जाताना त्यांनी मायच्या पायांना हात लावला आणि तिने त्यांना मासे नीट निवडून घ्यायला सांगितलं. पत्र लांबलं. लिहिणारा थकला, वाचणाऱ्या वहिनी त्याहून थकल्या असतील. मावशीच्या गुडघ्यांना तेल लागत राहो, पहाडावरचा वारा नरम राहो, एवढं मागून पायांवरचं डोकं उचलतो.

तुझा,
खुशाल

ता. क. पुन्हा सांगतो, हे पत्र तुला बोलावण्यासाठी नाही. (वहिनींसाठी: राजुऱ्याहून सकाळी निघालं की बल्लारशाला गाडी बदलावी लागते. आलापल्लीच्या स्टँडवर लटारू रोज बैलगाडी घेऊन उभा असतो. सहज. त्याला तशी सवयच लागली आहे. मावशीची घोंगडी आणि तेलाची बाटली आठवणीने बांधा.)

ता. क. दुसरा. गोकुळाच्या लग्नाचं वर्तुळ मायचं केव्हाच गेलं. लग्न गेलं, मांडव गेला, नवरदेवाचा मामा गेला. मी एकदा मीठ म्हणून पाहिलं, तर ती म्हणाली, कोनतं मीठ? तेव्हा ते भांडण आता जगात एकट्या तुझ्यापाशी राहिलं आहे. दोघींचं ओझं तू एकटीने वाहतेस आणि वर गुडघे दुखतात म्हणतेस. आणि मायने कबूल करावं असं तुझं म्हणणं होतं ना, की ती विसरली? सगळ्या आलापल्लीत आज दुसरी चर्चा नाही.

ता. क. तिसरा. माय कुणाकुणाची नावं घेते ते सांगताना तुझं नाव मी वर लिहिलं नाही, ते मुद्दाम. डॉक्टर म्हणाले, नावंही एकेक करून जातात. माझं गेलं. गोकुळाचं गेलं. घरचीचं तर ती कधी घेतच नव्हती. आता तिच्यापाशी दोनच नावं आहेत, मुखरू आणि सुगंधी, आणि त्यातला एक येऊ शकत नाही. सांज झाली की ती ओट्यावर येऊन बसते आणि जो दिसेल त्याला विचारते, "सुगंधी तळ्यावर शिंगाडे काढाले गेली, अजून काऊन नाई आली जी? लहान आहे, अंधाराले भेते." रोज विचारते. आम्ही शिकल्याप्रमाणे म्हणतो, येऊन राह्यली, वाटेतच आहे. पण मावशी, बाकी सगळं आम्ही सोंगाने निभावलं, जाळं झालं, गाडी झाली, मुखरूभाऊ झाला. सुगंधीचं सोंग गावात कुणाला येत नाही. सुकरीने करून पाहिलं, तर मायने तिला हाकलून दिलं. आणि परवा ओट्यावर बसून तिने विचारायला तोंड उघडलं, तेव्हा तुझ्या नावाआधी मला ती जागा ऐकू आली. एवढीशीच.

ता. क. शेवटचा. तुझ्या वाटणीचे उकडलेले शिंगाडे ती रोज वाटीखाली झाकून ठेवते आणि वर मीठ भुरभुरवते. "सुगंधीले मीठ जास्ती लागते," म्हणते. अजून एकदाही विसरली नाही. तेव्हा येताना काही आणू नको. मीठ घरात आहे.